घोडीच्या वाटेवरची कण्हेर : वनमंत्र्यांना अनावृत पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : चराईच्या वाटांवर लावली जाणारी विषारी झाडं व त्यांची रोपं, घोड्यांच्या संदर्भात.



सरकारी पत्राला विषय लागतो, म्हणून वरची ओळ लिहिली. ती वाचून आपल्या कार्यालयातून हे पत्र पशुसंवर्धन खात्याकडे जाईल, तिथून महामार्गवाल्यांकडे, आणि महामार्गवाले ‘घोडे आमच्या अखत्यारीत येत नाहीत’ असा शेरा मारून ते परत पाठवतील. ही वारी टाळावी म्हणून पत्र पाकिटात न घालता चारचौघांत लिहितो आहे. झाडं लावणारं खातं आपलं. सामाजिक वनीकरण आपलं, रोपवाटिका आपल्या, आणि २०१९च्या पावसाळ्यात तेहतीस कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं तेही आपल्याच खात्याने. तेव्हा कुठलं झाड कुठं लावलं जातं, हा जाब आपल्यालाच विचारणं रास्त.

महाराष्ट्रात घोडा दिसतो कुठं? महालक्ष्मीच्या नि पुण्याच्या रेसकोर्सवर, लग्नाच्या वरातीत, महाबळेश्वर-माथेरानला पर्यटकांना पाठीवर घेऊन, आणि सारंगखेड्याच्या नाहीतर माळेगावच्या जत्रेत विक्रीला उभा. यातली बहुतेक जनावरं तोबऱ्यातलं खातात. हरभरा, भुसा, कडबा, विकतचा लसूणघास. त्यांच्या तोंडात काय जातं ते मालकाच्या हातात असतं. हे पत्र त्यांच्यासाठी नाही. महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने चरून जगणारा घोडा एकच, तो म्हणजे धनगराच्या वाड्याबरोबर, त्याच्या फिरत्या बिऱ्हाडाबरोबर, चालणारी घोडी.

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातले मेंढपाळ दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी बागायती पट्ट्यात शेतं खतवायला मेंढरं बसवत फिरतं, आणि मृगाच्या सुमाराला सगळे माघारी येतात. वाड्याचं सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असतं. मेंढरांभोवती लावायची वाघर, पालाचं कापड, भांडी, अंथरुणं, पाय बांधलेल्या कोंबड्या, रात्री व्यालेल्या मेंढीचं कोकरू, कधीकधी तान्हं मूलसुद्धा. गडीमाणसं मेंढरं घेऊन रानातून जातात. घोड्या घेऊन डांबरी रस्त्याने पुढं जायचं आणि मुक्काम मांडायचा हे बायकांचं काम. मुक्कामाला पोचल्यावर ओझं उतरतं, घोडीच्या पुढच्या पायांना दावं पडतं आणि ती रस्त्याकडेच्या गवतात सोडली जाते. तिला कुणी तोबरा लावत नाही. जे उगवलेलं असेल ते तिचं.

ही तट्टं कुणी फुटकळ समजू नये. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा असलेलं भीमथडी तट्टू ते हेच. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, तेव्हा वर्तमानपत्रांतून शिवकाळाचा बराच गजर झाला. जात टिकवली कुणी, तर ज्यांच्याकडे सातबाऱ्यावर गुंठाही नसतो अशा फिरत्या माणसांनी. देशातल्या घोड्या-तट्टांची संख्या २०१२च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती, २०१९मध्ये ती तीन लाख बेचाळीस हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. ही घट झाडपाल्याने झाली असं मी म्हणत नाही. ट्रॅक्टर, टेम्पो आणि मोटारसायकल यांनी ती केली. पण जे थोडं उरलं आहे, ते आपल्याच हाताने लावलेल्या झाडापायी जाऊ नये एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता ही घोडी रस्त्यावर का चरते? कारण बाकीच्या जागा तिला बंद झाल्या. राखीव वनात चराईबंदी. नवी लागवड झाली की तिथंही काही वर्षं चराईबंदी, आणि ती योग्यच आहे, नाहीतर एक रोप जगायचं नाही. गायरानांवर कुठं अतिक्रमणं, कुठं कचरा डेपो, कुठं आता सौरऊर्जेचे पॅनेल. उरला तो रस्त्याच्या दोन्ही कडांचा गवताचा पट्टा. म्हणजे आपल्या खात्याने कुंपण घातलं म्हणून घोडी रस्त्यावर आली, आणि रस्त्यावर तिची गाठ पडली कण्हेरीशी.

राज्यातल्या चौपदरी रस्त्यांच्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल ही जोडी ठरलेली. कण्हेर का लावतात ते कुणीही माळी सांगेल. पाणी नसलं तरी जगते, धूर-धूळ सोसते, बारा महिने फुलते, समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत अडवते. आणि सर्वांत मोठा गुण असा की जनावर तिला तोंड लावत नाही. हा शेवटचा गुण निम्माच खरा आहे, आणि सगळा घोळ त्या निम्म्यात आहे.

मागच्या हिवाळ्यात एका चौपदरी रस्त्याच्या सेवारस्त्याला लागून एक वाडा उतरलेला होता. दुभाजकाची छाटणी होऊन काही दिवस झाले असावेत. ठेकेदाराच्या माणसांनी कण्हेरीच्या फांद्या रस्ता ओलांडून अलीकडच्या गवतात लोटून दिल्या होत्या. पानं करपून विटकरी-करडी झाली होती, कडांनी वळली होती, देठांपासून गळून गवताच्या काड्यांत मिसळली होती. गुलाबी फुलांचा चुरा झालेला. त्या ढिगापासून चार हातांवर एक करडी घोडी चरत होती आणि तिचं शिंगरू ढिगात नाक खुपसून खेळत होतं. पाल उभारणाऱ्या बाईंना मी विचारलं, “मावशी, ही कण्हेर खात नाही ना घोडी?” हातातली मेख ठोकत त्या म्हणाल्या, “वली आसंल तर हुंगून सोडतीया, दादा. वाळल्याव काय कळतंय तिला? गवताबरुबर जातंय प्वाटात.” मग उठल्या आणि काठीने तो सगळा ढीग ओढत ओढत गटाराच्या पलीकडे लोटून आल्या. परत येऊन शिंगराच्या तोंडात बोट घालून काही राहिलं आहे का ते पाहिलं. ज्या कामाचं बिल ठेकेदाराने लावलं असणार, त्यातलं उरलेलं काम त्या माउलीने फुकटात केलं.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. कण्हेरीचं ताजं पान कडूजहर असतं, म्हणून उभ्या झुडपाला जनावर सहसा तोंड लावत नाही. पान वाळलं की त्याची चव मंदावते, विष मात्र तसंच राहतं. ओलिअँड्रिन आणि त्याची भावंडं ही हृदयावर काम करणारी द्रव्यं, वाळवण्याने ती जात नाहीत. पशुविषशास्त्राच्या पुस्तकांत घातक मात्रा दिली आहे ती जनावराच्या वजनाच्या ०.००५ टक्के वाळलेली पानं. अडीचशे किलोच्या तट्टाला हा हिशेब साडेबारा ग्रॅमचा पडतो. वाळलेली पानं हातात घेऊन बघा, मूठसुद्धा भरत नाही. कॅलिफोर्नियातही रस्तोरस्ती कण्हेर आहे आणि तिथल्या घोड्यांना ती बहुधा छाटलेल्या पाल्यातून नाहीतर वाळल्या गवतात मिसळून बाधते. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यक रुग्णालयाने १९९५ ते २०१० या काळातली घोडावर्गीय जनावरांची अशी तीस प्रकरणं तपासून प्रसिद्ध केली. यंत्रसामग्रीची कमतरता नसलेल्या त्या रुग्णालयातही निम्मी जनावरं दगावली.

आपल्याकडे काय होतं? घोडी अस्वस्थ होते, पोटाकडे वळून बघते, बसते, उठते, घाम फुटतो, पातळ हगते. कान आणि पाय गार पडतात. जाणता माणूस म्हणतो, पोटशूळ. लक्षणं तीच असतात, आणि घोड्याला पोटशूळ होणं नेहमीचंच, त्यामुळे चूक म्हणताही येत नाही. मग तेल पाजतात, चालवतात. विषबाधेत जनावराला चालवणं म्हणजे आधीच अडखळणाऱ्या हृदयावर आणखी भार. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवलं तर कळतं: धडधाकट घोड्याचे विसाव्याचे ठोके मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस, इथं ते मध्येच गळतात, मध्येच धावतात. त्यात घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की खाल्लेलं माघारी फिरत नाही. कुत्रं वांती करून वाचेल, घोडी वाचत नाही. पहिल्या काही तासांत पशुवैद्याने नळीने पोटात कोळशाची भुकटी सोडली तर आशा असते. यावरचा नेमका उतारा म्हणून जी औषधं आहेत त्यांची किंमत घोडीच्या किमतीच्या कितीतरी वर जाते. आणि सकाळी मुक्काम हलवायचा असतो. मेलेली घोडी रस्त्याकडेला ठेवून वाडा पुढं जातो, ओझं दुसऱ्या घोडीवर वाढतं, नोंद कुठंच होत नाही. कारण शोधायला कुणी थांबत नाही, म्हणून कण्हेरीवर कधी ठपकाही येत नाही.

कण्हेरीपायी गाय, शेळी, मेंढीही दगावते, हे सांगायला हवं. घोड्याचं खास दुखणं पुढचं आहे, आणि ते आपल्या खात्याच्या अधिक जवळचं आहे. ते म्हणजे सुबाभूळ.

सुबाभूळ मेक्सिकोकडची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेने आणि पुढं सरकारी वनीकरणाने ती गावोगाव नेली. दुष्काळी गावाला सरपण हवं होतं, गाईला हिरवा चारा हवा होता, आणि सुबाभळीने दोन्ही दिलं. तिला आज सरसकट शिव्या घालायची फॅशन आहे, मी त्यात नाही. पण ती चारा आहे हे वाक्य गाई-शेळ्यांपुरतं खरं आहे. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत सर्वांत जास्त. ऑस्ट्रेलियात गुरांना ते बाधायचं, हवाईतल्या बकऱ्यांना बाधत नव्हतं. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने त्यामागचं कारण शोधलं: हवाईच्या बकऱ्यांच्या पोटात त्या विषाचे पुढचे तुकडे फोडणारा जिवाणू होता. ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि गुरं सुबाभूळ पचवू लागली. १९९२ साली त्या जिवाणूला जोन्सचंच नाव मिळालं. ही सगळी किमया रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात घडते. घोड्याला ते पोटच नाही. त्याचं गवत आंबतं ते आतड्याच्या शेवटाकडे, आणि तिथं पोचायच्या आधीच विष रक्तात उतरलेलं असतं.

मिमोसिनने घोडा पटकन मरत नाही. त्याची आयाळ झडते. शेपटीचे केस मुळासकट हातात येतात, शेपूट खराट्याच्या दांड्यासारखं उरतं. खुरांवर वळ्या उठतात, खूर वेडंवाकडं वाढतं, घोडी लंगडते. मालक खरजेचं औषध लावतो, नजर काढतो, नालबंदाला दोष देतो. जत्रेत अशा जनावराला कोण विचारतं? सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक तासभर घोड्याच्या अंगावरचे भोवरे मोजतं, देवमण कुठं आहे, अमका भोवरा शुभ की अशुभ यावर हजारोंची घासाघीस होते. घोडा पावसाळाभर कशावर चरला, हा प्रश्न तिथं विचारलेला मी कधी ऐकला नाही. भोवऱ्यापेक्षा त्याचं उत्तर कामाचं ठरलं असतं.

पावसाळाभर म्हणालो त्याला कारण आहे. कण्हेरीचा धोका प्रवासातला, हिवाळ्यातला. सुबाभळीचा धोका घरचा. मृगानंतर वाडे गावी येतात आणि घोड्या चार महिने गावच्या गायरानात, ओढ्याकाठी, पाझर तलावाच्या भरावावर बांधल्या जातात. तिथं तीस-चाळीस वर्षांपूर्वी लावलेल्या सुबाभळीखाली पहिल्या पावसाबरोबर काय होतं, ते आपल्या वनरक्षकाला विचारा. वर्षानुवर्षं मातीत पडून राहिलेलं कठीण कवचाचं बी एकदम उगवतं. वितभर रोपांचा गालिचा तयार होतो, गवताच्या बरोबरीने आणि गवताइतकाच कोवळा. मोठ्या झाडाचा पाला घोडीच्या तोंडाला पोचत नाही, पण रोपं थेट पायाखाली असतात. गाय जिभेने गवताचा झुबका वळवून ओढते. घोड्याला वरखाली दोन्ही पुढचे दात, तो जमिनीलगत कात्रीसारखं कापत जातो आणि त्या कापण्यात रोप वेगळं, गवत वेगळं असं राहत नाही. खुंट्याला बांधलेल्या घोडीला तर निवडीला वावच नाही. दाव्याच्या घेऱ्यात जे आहे ते संपवायचं. त्यातून विषाची रोजची थोडी थोडी मात्रा पोटात जाते आणि श्रावण-भाद्रपदात आयाळ गळायला लागते.

गिरिपुष्पाचीही तीच तऱ्हा. पुण्याच्या टेकड्यांवर ते किती माजलं आहे ते आपण पाहिलं असेल. मध्य अमेरिकेत, त्याच्या मूळ मुलखात, त्याची साल आणि बिया धान्यात मिसळून उंदीर मारायला वापरत. रवंथ करणारी जनावरं त्याचा पाला पचवतात, घोड्याने त्यापासून लांब राहावं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, शाळांच्या नि सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणाला हौसेने लावतात. तिची फळं गळतात, झाडाखालीच रोपं उगवतात, आणि तीही कण्हेरीच्याच जातीचं हृदयविष बाळगून असतात. एरंड कुणी लावत नाही, तो उकिरड्यावर आपोआप येतो. पण त्याच्या बीच्या विषाला घोड्याइतकं हळवं दुसरं पाळीव जनावर नाही, म्हणून एरंडीच्या पेंडीचं खत टाकलेल्या शेताच्या बांधावर घोडी सोडू नये. खुळखुळ्याचाही विषय निघाला असता. त्याच्या एका भाऊबंदाने ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात घोड्यांची यकृतं निकामी केली आहेत. पण ते झाड नव्हे, आणि आपलं खातं ते लावत नाही, म्हणून सोडून देतो.

रोपांविषयी एवढं का लिहितो आहे, त्यासाठी थोडं युरोपात डोकवावं लागेल. तिथं कित्येक वर्षं कुरणात सोडलेले घोडे अचानक थरथरून बसत, त्यांची लघवी काळपट होत असे, स्नायू विरघळल्यागत निकामी होत आणि आजारी पडलेल्या चारांतले तीन दोन-तीन दिवसांत मरत. कारण सापडेना. २०१३मध्ये अमेरिकेत आणि २०१४मध्ये युरोपात ते हाती लागलं: कुरणाच्या कडेला उभी असलेली सिकॅमोर मेपल आणि तिच्यासारखी झाडं. शरद ऋतूत त्यांच्या पंखवाल्या बिया भिरभिरत लांब जाऊन गवतात पडतात, वसंतात त्यांची रोपं उगवतात, आणि दोन्हींत हायपोग्लायसिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा सख्खा भाऊ लिचीत असतो. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला उपाशीपोटी झोपलेली कुपोषित मुलं लिचीच्या दिवसांत पहाटे फिट येऊन दगावत होती, त्याचा उलगडाही याच द्रव्यांपाशी झाला. भरल्या पोटाला जे सोसतं ते रिकाम्या पोटाला मारतं. घोड्यांतही गवत आटलेल्या कुरणावरच्यांनाच ही बाधा मुख्यतः होते, हे जाता जाता नोंदवतो. आपल्या उन्हाळ्यातल्या गायरानाचं चित्र डोळ्यापुढं आणा.

कारण कळल्यावर तिथले घोडेवाले साहजिकच गवतकापणी यंत्र घेऊन रोपांवर तुटून पडले. २०१९ साली एका संशोधनाने दाखवलं की रोपं कापून तिथंच टाकली, तणनाशक मारलं, अगदी गवतात बांधून साठवली, तरी विष काही जात नाही. रोपं उपटायची, गोळा करायची आणि तिथून हलवायची, एवढाच उपाय. लंडनचं रॉयल व्हेटरिनरी कॉलेज कुरणातली रोपं आणि बिया तपासून देतं, घोडेवाले नमुने पाकिटात घालून पाठवतात. त्या मुलखात हे जमतं याला कारण आहे. कुरण कुणाच्या तरी मालकीचं असतं, त्याला कुंपण असतं, घोडा त्या कुंपणात असतो. झाड धोक्याचं निघालं तर मालक ते तोडतो नाहीतर त्याच्याभोवती तार ओढतो. घोड्यांच्या काळजीची जेवढी इंग्रजी पुस्तकं आहेत, त्या सगळ्यांत पहिला सल्ला हाच: आपलं कुरण फिरून पाहा.

आमच्या घोडीचं कुरण शंभर मैल लांब आणि सहा हात रुंद आहे. त्याचा मालक तिचा मालक नाही. दुभाजक महामार्ग प्राधिकरणाचा, कड बांधकाम खात्याची, गायरान ग्रामपंचायतीचं, त्यावरची झाडं सामाजिक वनीकरणाची. कुरण फिरून पाहायचा सल्ला मावशींना देऊन काय उपयोग? त्या पाहतातच. तो सल्ला जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला लागू होतो, आणि झाड निवडायच्या टेबलावर त्याने तो पाळायचा असतो.

दोन आक्षेप येतील, तेही बघू. पहिला: धनगरांनी घोडी बांधून ठेवावी, रस्त्यावर सोडू नये. हा आक्षेप घेणाऱ्याने सहा महिने चालत्या बिऱ्हाडाला कडबा पुरवायची हमी द्यावी, मग बोलू. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: कण्हेर काढली तर दुभाजकात लावायचं काय? अहो, बोगनवेल आहेच, तिने घोड्याला काही होत नाही. निरगुडी आपल्याच मातीतली, ओढ्याकाठची, पाण्यावाचून तगते, वास उग्र म्हणून जनावर तिच्या वाटेला फारसं जात नाही. करवंदाची जाळी सह्याद्रीत दगडावर जगते. तिन्ही झुडपं छाटणी सोसतात. फुलांचा गुलाबी पट्टा थोडा फिका होईल, एवढंच. गायरानासाठी तर प्रश्नच पडू नये. बाभूळ, बोर, आपटा, पळस ही झाडं आणि त्यांच्याखाली पवना, मारवेल, शेडा ही गवतं. त्यांच्यावर इथली जनावरं पिढ्यान्‌पिढ्या पोसली आहेत आणि आपल्या रोपवाटिकांना ती करायला अवघड नाहीत. अवघड आहे ते सुबाभळीइतकी लवकर उंची दाखवणं, कारण फोटोत उंची दिसते, गवत दिसत नाही.

कण्हेर सरसकट उपटा, असंही म्हणणं नाही. ती परसात राहू दे, देवळासमोर राहू दे, महादेवाला तिचं फूल वाहू दे. माझं म्हणणं जिथून वाडे जातात आणि जिथं घोड्या बांधतात त्या जागांपुरतं आहे. या जागा गुप्त नाहीत. कुठला वाडा कुठल्या घाटाने उतरतो, कुठल्या पाणवठ्यावर थांबतो हे प्रत्येक गावच्या मेंढपाळाला पाठ असतं. वनपालाने एका दुपारी वाड्यावर बसून चहा घेतला तर नकाशा तयार होईल. त्या वाटांवर आणि सारंगखेडा-माळेगावसारख्या जत्रांच्या आवारात नवी कण्हेर, बिट्टी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावू नये, असा एक पानी आदेश आपण काढावा. रोपवाटिकेत या रोपांपुढं पाटी लावावी: जनावरांना विषारी, चराईच्या जागी लावू नये. औषधाच्या बाटलीवर असते तेवढीच ती पाटी. गायरानातल्या जुन्या सुबाभळीखालची रोपं पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात, मूळ धरायच्या आधी, उपटून हलवायचं काम रोजगार हमीत बसवता येईल. उपटलेला पाला शेळ्यांना घाला, वाया जाणार नाही.

लावलेली कण्हेर आहे तिथं तिच्या छाटणीच्या निविदेत एक कलम हवं: छाटलेला पाला त्याच दिवशी उचलून न्यायचा, कडेच्या गवतात, ओढ्यात, पाणवठ्यापाशी टाकायचा नाही, जाळायचाही नाही, कारण तिचा धूरही बाधतो. कुंपणाच्या आत खड्डा करून कुजवायचा. उचलल्याचा फोटो जोडल्याशिवाय बिल निघणार नाही, असं लिहिलं तर कलम पाळलंही जाईल. महामार्ग प्राधिकरण केंद्राचं आहे हे मला ठाऊक आहे. पण त्यांना रोपं आणि सल्ला देताना आपल्या खात्याचा शब्द चालतो, आणि राज्य मार्गांवर तर आपल्याच सरकारची सत्ता आहे.

राहिली तपासणीची गोष्ट. पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक आहे, पण तो गावात राहणाऱ्याला माहीत. फिरत्या वाड्याला तो कुणी सांगितलेला नाही, आणि मुक्काम कुठल्या गावच्या हद्दीत आहे हे सांगता न आल्याने फोन करूनही उपयोग होत नाही. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. दगावलेल्या घोडीच्या पोटातला चारा बाटलीत भरून तिथवर पोचला आणि पानांचे तुकडे ओळखले गेले, तर निदान आकडा तरी हाती येईल. आज आकडा नाही म्हणून प्रश्न नाही, असं धरून चाललं आहे. हे काम पशुसंवर्धनाचं हे कबूल. आपण मंत्रिमंडळात शेजारीच बसता, एवढंच सुचवतो.

दुभाजकांच्या छाटणीची कामं पावसाळा सरला की निघतात. वाडे दिवाळीच्या आगेमागे हलतात. म्हणजे नवरात्रापर्यंत वरचं कलम निविदेत आलं तर याच वर्षी त्याचा उपयोग आहे. आदेश काढलात तर त्याची एक प्रत ग्रामपंचायतींबरोबर घाटांच्या तोंडाशी असलेल्या वननाक्यांवरही लावावी. वाडे तिथूनच उतरतात, आणि त्यांच्यातली शाळेत जाणारी पोरं आता वाचून दाखवतात.

कळावे,

आपला नम्र,
चराईच्या वाटेवरचा एक पादचारी